दमात न बसणारी नायिका

कादंबरी वाचता वाचता शिट्टी वाजवणारा मनुष्य मी माझ्या एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्यावर मी तीन लेखी नोटिसा बजावल्या. तिन्हींच्या स्थळप्रती माझ्या कपाटात आहेत.

आमच्या पाटोद्यातील वाचनालयाच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी आहे. ती मी स्वतः रंगवून घेतली. मी त्या वाचनालयाचा कार्यवाह. त्यापूर्वी चौतीस वर्षे न्यायालयात नोकरी करून मी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो, आणि गाव मला अजूनही त्याच नावाने ओळखतो. नियम पाळण्यासाठी असतात, यावर माझा विश्वास आहे; जो पाळत नाही त्याला पत्र लिहिणे हे मी कर्तव्य समजतो. तर त्या पाटीच्या बरोबर खाली उभे राहून यासीन मास्तर कादंबरी वाचत, आणि मजकुरात काही बेकायदेशीर आढळले की गळ्यातील शिट्टी तोंडात धरून ती अशी फुंकत की वृत्तपत्र वाचणाऱ्या वृद्ध सभासदांच्या हातातून अग्रलेख गळून पडावा.

“मास्तर, हे वाचनालय आहे,” मी उठून म्हणत असे.

“मला ठावं हाय, शिरस्तेदार. पर ह्यो लेखक बघा. माणसाच्या छातीत सुरा घुसलाय, अन् गडी पावणेदोन पानं बोलतोय. कावून? छातीत सुरा असला तर तीन शब्दांच्या वर दम ऱ्हातो व्हय?”

शेख यासीन हे शाळेत खेळाचे शिक्षक होते आणि बीड जिल्ह्यातील जत्रांच्या मैदानांवर कबड्डीचे पंच. ज्यांना तो खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो : चढाईवर जाणाऱ्याने ‘कबड्डी, कबड्डी’ असे एका दमात म्हणत राहायचे असते. दम तुटला की तो बाद. मास्तरांनी आयुष्यभर मैदानाच्या कडेला वाकून इतरांचे दम ऐकले होते, आणि निवृत्तीनंतरही ती सवय त्यांना सोडवत नव्हती. आता त्यांना मैदानावर कोणी बोलावत नसे. नवे पंच आले होते, विजेवर चालणारे गुणफलक आले होते. मग मास्तर पुस्तकांतील माणसांचे दम मोजू लागले. कोणताही संवाद ते आधी मोठ्याने, एका श्वासात म्हणून पाहत. बसला तर पान उलटत. बसला नाही तर शिट्टी, आणि त्यांचे ते ठरलेले वाक्य : “दमात बसत न्हाई.”

त्यांचे आणखी एक म्हणजे ते बसत नसत. वाचनालयात अठरा खुर्च्या आहेत. एकतीस वर्षांच्या सभासदत्वात त्यांनी एकीलाही पाठ टेकली नव्हती. गुडघे किंचित वाकलेले, एक पाऊल पुढे, पुस्तक छातीशी. पान उलटले की पुढचे पाऊल मागे आणि मागचे पुढे. हॉटेलात ते चहा घेत तोही एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून, जणू मालकाने पकड घातलीच तर पळता यावे.

वाचनालयाच्या नव्या दालनाचे उद्घाटन झाले तेव्हा एक पुढारी भाषणास आले होते. त्यांचे पहिलेच वाक्य विहिरीपासून सुरू होऊन साखर कारखान्यावरून जिल्ह्याच्या सर्वांगीण विकासापर्यंत गेले आणि तेथेही थांबेना. मधेच पुढारी श्वास घ्यायला थबकले, आणि शेवटच्या रांगेतून कर्णकर्कश शिट्टी झाली. “बाद!”

सभा खो खो हसली. पुढारी चतुर होते. त्यांनी हात जोडले. “मास्तर, आणीक एक चान्स द्या.”

“खाली बसा. फुडच्या चढाईला या,” मास्तर म्हणाले.

मी त्याच दिवशी पुढाऱ्यांना दिलगिरीचे, कार्यकारिणीला निवेदनाचे आणि मास्तरांना खुलासा मागणारे, अशी तीन पत्रे लिहिली. मास्तरांचा खुलासा पोस्टकार्डावर आला. ‘दम तुटला व्हता. नियम समद्यांला एकच.’ मी तो कागद दोनदा वाचला. नियम सर्वांना एकच असतो, हे मी स्वतः किती पत्रांत लिहिले आहे! त्या माणसाचा मला मनस्वी संताप होता, आणि त्याच्याखेरीज गावात माझ्याशी सहमत असणारा दुसरा कोणी नव्हता.

म्हणूनच ‘काळजावर चढाई’ ही कादंबरी त्यांच्या हाती मीच दिली.

ही कादंबरी तरुण सभासदांच्या आग्रहावरून घेतली होती. मुखपृष्ठावर कपाळाला पट्टी बांधलेला एक युवक आणि त्याच्या खांद्यावर रेललेली युवती. मलपृष्ठावर ‘कॉलेजच्या मैदानावर पेटलेल्या धगधगत्या प्रेमाची थरारक कहाणी’ असे छापलेले. मी तीनशे चार पाने वाचली. धग आढळली नाही.

नायक अर्णव हा कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान. नायिका रिया ही गुणवत्ता यादीतील आणि खेळाडूंचा तिरस्कार करणारी; तिचे वडील तापट वकील. पहिल्या प्रकरणात कँटीनमध्ये टक्कर होऊन कॉफी सांडते. त्यानंतर सात प्रकरणे ती दोघे एकमेकांचा द्वेष करतात, आणि आठव्या प्रकरणाच्या दुसऱ्या ओळीत, कोणतेही कारण न देता, एकमेकांवर प्रेम करू लागतात. न्यायालयात नुसती तारीख वाढवून मागायची तरी अर्जात कारण लिहावे लागते. येथे दोन जीव जन्माचे बांधले जातात, आणि कारणाचा रकाना कोरा! शिवाय ही रिया बोलते. ती रागावली तर दोन पाने बोलते, लाजली तर अडीच. अबोला धरल्याचे सांगायलाच तिने एक प्रकरण घेतले आहे.

कंडक्टर चव्हाणांची कन्या दीपाली हे पुस्तक चौथ्या दिवशीच परत घेऊन आली. “काका, ह्यांच्यात केमिस्ट्रीच नाही.”

“ती कोणत्या प्रकरणात अपेक्षित होती?” मी नोंद करण्यासाठी विचारले.

“सगळ्याच,” ती म्हणाली आणि पाककृतींचे पुस्तक घेऊन गेली.

मी प्रकाशकाला पत्र लिहिले. धगधगते प्रेम असे छापून थंड प्रेम विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, सबब पुस्तक परत घ्यावे. उत्तर नाही. दुसरे पत्र पोचपावतीसह पाठवले. उत्तर नाही. तिसऱ्या पत्रात मी कायद्याचा उल्लेख केला. त्यालाही उत्तर आले नाही, तेव्हा मी तक्रार अर्जाचा मसुदा करायला घेतला. मला चैन पडेना. जेवताना उठून एखादे वाक्य दुरुस्त करावे, पुन्हा ताटावर बसावे, पुन्हा उठावे. मसुदा उत्तम होता. तथापि त्याला तज्ज्ञाचा अभिप्राय जोडणे आवश्यक होते. कबड्डी आणि कादंबरी या दोन्ही विषयांतील तज्ज्ञ पाटोदा तालुक्यात एकच होता.

मास्तरांनी पुस्तक उभ्यानेच उघडले. एकसष्टाव्या पानावर शिट्टी झाली.

“शिरस्तेदार, ह्यो अर्णव चढाईवर गेलाय. सात जण त्याच्या भवती. अन् हा लोकांत बघून काय म्हणतोय, वाचा.”

मी वाचले. “‘रिया, तुझ्याविना हे मैदान म्हणजे वाळवंट आहे!’”

“कबड्डी कबड्डी सोडून बोलला का न्हाई?”

“बोलला.”

“मंग तिथंच बाद! फुडची दोनशे त्रेचाळीस पानं बेकायदा हायत.”

मला हा मुद्दा अतिशय आवडला. मूळ कृत्यच अवैध असेल तर त्यावर उभारलेले सर्व अवैध, हे तत्त्व मी चौतीस वर्षे ऐकले होते. ते प्रेमप्रकरणाला कोणी लावलेले पाहिले नव्हते. मी लेखी अभिप्राय पंधरा दिवसांत मागितला. मास्तरांनी आणखी काही पाने चाळली. रियाच्या एका दीर्घ भाषणापाशी ते थांबले, ओठांतल्या ओठांत ते म्हणून पाहिले, पुढचे पान पाहिले, त्यापुढचेही. शिट्टी वाजली नाही.

“ही पोरगी अशीच बोलती व्हय? शेवटपरेंत?”

“दुर्दैवाने.”

“घरी नेतो. निवांत बघतो.”

निवांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. मास्तर वाचनालयात यायचे बंद झाले. तिथली शांतता नियमाप्रमाणे होती, आणि ती मला सहन होईना. दुसऱ्या महिन्यात ते मला बसस्थानकाबाहेर मोसंबीच्या गाड्यापाशी भेटले. मोसंबी निवडत होते, पण पाय जागच्या जागी चालूच होते.

“मास्तर, अभिप्राय?”

“चाललंय. लई फाऊल हायत.”

“पुस्तक तरी?”

“पान एकशे चाळीसवर हाय.”

“दोन महिन्यांत एकशे चाळीस?”

“बारीक बघायलोय.” त्यांनी आकाशाकडे पाहिले. “चार वाजायलेत. जातो.” आणि पिशवी उचलून ते पळत सुटले, खरोखर पळत, अडुसष्टाव्या वर्षी, मोसंबी सांभाळत.

मी पहिली नोटीस बजावली. तिच्याच मागे ‘मुदत द्यावी’ असे लिहून ती परत आली. दुसरीच्या मागेही तेच. कारण दिलेले नव्हते. मास्तरही रियाच्या घराण्यात सामील झाले होते.

नव्वद दिवस भरले आणि आमचे कोषाध्यक्ष देशमुख गुरुजी बातमी घेऊन आले. ते मास्तरांच्या गल्लीतून जाताना त्यांना खिडकीत ते पुस्तक दिसले होते. “पेन्सिलीनं चिरून काढलंय बे त्यानं! एका एका पानावर पन्नास पन्नास रेघा. पुस्तक हाय का पाळीव कोंबडीचं खुराडं?”

आमच्या घटनेत स्पष्ट तरतूद आहे : नव्वद दिवसांवर ग्रंथ ठेवणारा, अथवा ग्रंथावर खुणा करणारा सभासद कमी करण्यात यावा. मास्तरांनी दोन्ही केले होते. रविवारच्या सभेपूर्वी ग्रंथ सुस्थितीत परत न आल्यास शेख यासीन यांचे नाव सभासद रजिस्टरमधून वगळावे, असा ठराव झाला. ठराव मी मांडला. मी तो मांडला नसता तर देशमुख गुरुजींनी मांडला असता, आणि त्यात शुद्धलेखनाच्या चुका झाल्या असत्या.

तिसरी नोटीस मी मास्तरांना रस्त्यात गाठून हातात दिली. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, आणि प्रथमच त्यांचे पाय थांबले.

“नाव काढू नका, शिरस्तेदार. शाळा सुटली, मैदान सुटलं. येवढं एकच रजिस्टर ऱ्हायलंय जिथं माझं नाव हाय.”

“मग पुस्तक आणून द्या.”

“ते न्हाई जमायचं.”

“दुसरे कोणतेही न्या. वाचनालयात नऊ हजार पुस्तके आहेत.”

“हेच पायजे,” ते म्हणाले, आणि नोटिशीची घडी खिशात घालून निघून गेले.

तो आठवडा मी अस्वस्थतेत काढला. एकतीस वर्षांचा सभासद, सभासद क्रमांक नऊ, एका अशा कादंबरीसाठी नाव गमवायला तयार होतो, जिच्यात दीपालीला चार दिवसांत काही सापडले नाही! शनिवारी मला राहवले नाही. पुस्तक समक्ष ताब्यात घ्यावे, खोडरबराने खुणा पुसाव्यात आणि प्रकरण मिटवावे, अशा हेतूने दुपारी चारच्या सुमारास मी जुन्या बाजारामागील त्यांच्या घरी गेलो. पत्र्याचे दार लोटलेले होते. आतून मास्तरांचा आवाज आला, आणि मी कडीवरचा हात मागे घेतला.

“रिया! एकदा तरी माझ्याकडं बघ!”

पाठोपाठ एका स्त्रीचा आवाज आला. “मला... तुमचा... राग... आलाय.”

“वा! आता फूंक सोडा. हळू. आता फुडचं.”

मी घसा खाकरला आणि दार वाजवले.

आत खिडकीपाशी पलंगावर मास्तरांच्या पत्नी खैरूनभाभी तीन उशांना टेकून बसल्या होत्या. नाकाला नळी होती आणि कोपऱ्यात एक यंत्र घरघरत होते. दोऱ्याने बांधलेला चष्मा, मांडीवर उशी, उशीवर ‘काळजावर चढाई’. पलंगाला लागून जमिनीवर मास्तर मांडी घालून बसले होते. मी या घराला तीन महिन्यांत तीन नोटिसा पाठवल्या होत्या. घरी सारे क्षेम आहे का, एवढे एकदाही विचारले नव्हते.

“आओ भाईसाब,” भाभी म्हणाल्या. एकेका शब्दानंतर त्या थांबत होत्या. “चौथी... नोटीस... लाए क्या?”

मी नाही म्हणालो. मास्तरांनी मला स्टूल दिले आणि हळूहळू सर्व सांगितले. चुलीच्या धुराने भाभींची छाती गेली होती. बीडच्या डॉक्टरांनी फुंकर मारून तीन गोळ्या वर उचलायचे एक प्लास्टिकचे यंत्र दिले होते. ते भाभींनी पहिल्याच दिवशी पलंगाखाली टाकले. मी काय लहान मूल आहे का, असे त्यांचे म्हणणे पडले. मग डॉक्टर म्हणाले, बाईंना रोज बोलते ठेवा. श्वास मोजून, मोठ्याने.

“पन ही बोलंना, शिरस्तेदार. चाळीस वर्सं मीच बोललो, ही ऐकत व्हती. आता म्हनती, काय बोलू? सुचत न्हाई. धर्मापुरीच्या शाळेत सातवी शिकलेली हाय, वाचता येतं. मंग मी पुस्तकं हुडकली. वाचनालयातल्या पुस्तकांतली बाई बघावी तर रडती, न्हाईतर मरती, न्हाईतर बुवाचं ऐकत बसती. चार वळी सुद्धा न्हाईत. अन् तुमी ही रिया दिली.” त्यांचा चेहरा उजळला. “ही पोरगी थांबतच न्हाई! रोज चार वाजता मी अर्णव, ही रिया. अशी बोलनारी बाई दुसऱ्या कुठल्या बी पुस्तकात न्हाई.”

माझ्या तक्रार अर्जातील मुद्दा क्रमांक चार ‘नायिकेचे असह्य व अनावश्यक बोलणे’ असा होता.

“भाभी, कादंबरी आवडली का?” मी विचारले.

“नक्को पूछो,” भाभी म्हणाल्या. “ये अर्णव... कित्ता देखता... लडकी कू! हमारे... इन्होंने... मुड के बी... नई देखा.”

“चढाईत बगत्यात व्हय?” मास्तर म्हणाले.

“हमारे अब्बा की... दीवार थी. पिच्चे... मैदान. मैं दीवार के... इधर बैठ को... सुनती थी. चौदा मर्दां में... इनका दम... पयचान गई.” त्या थांबल्या. मास्तर खिडकीबाहेर पाहू लागले. “बाद में... रिश्ता आया तो... आवाज पयचानी. बोली... कबूल.”

एवढ्या माहितीवर एका मुलीने जन्म बांधून घेतला होता, आणि त्यात मला कारणाचा अभाव कोठेही जाणवला नाही.

मी पुस्तक हाती घेतले. देशमुख गुरुजींचे म्हणणे खरे होते. पानोपानी पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. पण त्या फक्त रियाच्या संवादांत होत्या, आणि प्रत्येक रेघ म्हणजे श्वास घ्यायची जागा होती. सुरुवातीच्या पानांवर आठ-नऊ शब्दांनंतर एक रेघ होती. शंभराव्या पानापाशी सहा शब्दांनंतर. मी पुढे गेलो. एकशे चाळिसाव्या पानावर चार. आजचे पान एकशे सत्त्याऐंशी होते. तेथे दर दोन शब्दांनंतर रेघ होती. मी आयुष्यभर कागद वाचत आलो आहे. हा कागद वाचायला मला साक्षीदार लागला नाही.

“शिरस्तेदार,” मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “मागची पानं नका बगू. फुडची बगा.”

मी पुस्तक परत उशीवर ठेवले. भाभींनी बोट एका परिच्छेदावर टेकवले. तेथे रियाचे वकील वडील अर्णवला घराबाहेर काढतात. “भाईसाब, ये बाप का... तुम पढो. ये पढते तो... बाप लगता ई नई. इनकू... गुस्सा नई आता.”

मी वाचला. ‘या घराच्या उंबरठ्यावर पुन्हा पाऊल ठेवलेस तर मी तुला कोर्टात खेचीन!’ मला त्यासाठी सराव करावा लागला नाही. खिडकीवरची चिमणी उडाली. भाभी इतक्या हसल्या की त्यांना ढास लागली. मास्तर झटकन उठले, पाठीवर तळवा ठेवून उभे राहिले आणि ढास थांबेपर्यंत काहीतरी पुटपुटत मोजत राहिले.

“बराबर... बाप,” भाभी डोळे पुसत म्हणाल्या. “कल बी आओ.”

रविवारच्या सभेत देशमुख गुरुजी ग्रंथ सुस्थितीत आला का, असे विचारणारच होते. खोटे मी बोलत नाही. शनिवारी संध्याकाळी मी घटना पुन्हा बारकाईने वाचली आणि मला हवी ती तरतूद सापडली : आजारी सभासदास ग्रंथ घरपोच द्यावा, आणि त्याची मुदत आजार बरा होईपर्यंत असावी. ही तरतूद मीच अकरा वर्षांपूर्वी घातली होती, आणि तिचा लाभ आजवर कोणीही घेतला नव्हता. सभेपूर्वी मी सौ. खैरुन्निसा शेख यांचा सभासदत्वाचा अर्ज दाखल करून घेतला. ग्रंथ मास्तरांच्या नावावरून उतरवून त्यांच्या नावावर चढवला.

“अन् रेघांचं काय?” देशमुख गुरुजींनी टेबलावर हात आपटला.

“पेन्सिलीच्या आहेत. पुसता येतात. पुसता येण्याजोगी खूण म्हणजे नुकसान नव्हे.”

“कोन पुसनार?”

“मी लेखी हमी देतो.”

मी लेखी हमी देतो म्हटल्यावर आमच्या कार्यकारिणीत सहसा कोणी पुढे बोलत नाही. माझी हमी किती पानांची असते हे सर्वांना माहीत आहे. मास्तरांचे नाव रजिस्टरमध्ये राहिले. प्रकाशकाविरुद्धचा अर्ज मात्र मी दाखल केला नाही. मूळ पुरावा रोज चार वाजता वापरात होता.

आता मीही चारला जातो. वकिलाखेरीज प्राचार्य, प्रशिक्षक आणि प्रतिस्पर्धी संघाचा खलनायक, असे मिळून चार रागीट पुरुष माझ्याकडे आले आहेत. काही दिवशी दीड पान होते, काही दिवशी चार ओळी. काही दिवशी भाभी नुसत्या पडून असतात, आणि आम्ही दोघे अर्णवच्या चढाया कशा चुकल्या यावर वाद घालतो, म्हणजे घरात आवाज राहतो.

गेल्या मंगळवारी आम्ही दोनशे एक्क्याण्णवाव्या पानावर पोचलो. अर्णव गुडघ्यावर बसून विचारतो, ‘रिया, होशील माझी?’ छापील उत्तर दीड पानाचे आहे. मास्तरांनी या वेळी रेघा मारल्या नव्हत्या. त्यांनी दीड पान आडवे खोडून एकच शब्द ठेवला होता : ‘हो.’

मास्तरांनीही गुडघ्यावर बसून प्रश्न वाचला. भाभींनी पानाकडे पाहिले आणि मग चष्म्यावरून नवऱ्याकडे.

“बाकी का... किधर गया?”

“लंबा था,” मास्तर म्हणाले. “तुमकू तकलीफ नक्को.”

“मेरी बात थी... वो.” त्यांनी श्वास घेतला. “जिंदगी में... पैली बार... कोई पूछा. कायकू... काटे?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनी खिशातून खोडरबर काढला आणि पलंगाच्या कडेला टेकून त्या आडव्या रेघा एकेक करून पुसून काढल्या. रबराचा भुगा त्यांनी हलकेच फुंकला.

भाभींनी चष्मा सारखा केला, पहिल्या शब्दावर बोट ठेवले आणि सुरुवात केली. रेघा नव्हत्या, थांबायचे कोठे, ते त्या स्वतः ठरवत होत्या. मास्तर गुडघ्यावर बसून होते आणि तसेच बसून राहिले. मध्यंतरी मी स्वयंपाकघरात जाऊन चहा केला. तो निवल्यावर पुन्हा गरम करून आणला. मग आणखी एकदा.